नऊवारचं दीडवार

मराठवाड्यात मोठ्या बाईला बाहुली नटवायची मुभा वर्षातून तीन दिवस असते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या घरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर परत जातात. पुण्या-मुंबईच्या गौरी त्याच या. त्या तीन दिवसांत नांदेड-लातूरच्या घराघरांत साठी-सत्तरीच्या बायका कोठ्यांवर मुखवटे बसवतात, कापसाचे हात जोडतात, काठपदर नेसवतात. निऱ्या पाच की सात, यावर जावाजावांत कडाक्याचे वाद होतात. एरवी जिन्याच्या दोन पायऱ्यांना ‘अगं बाई गं’ म्हणणारी सासू तोंडात टाचण्या धरून स्टुलावर चढते. पुढ्यातल्या पिलवंडांना झबली, टोपडी, यंदाच्या फॅशनचे फ्रॉक. देवीला बाहुली म्हणायची माझी छाती नाही. पण नेसवणारीच्या चेहऱ्याकडे एकदा निरखून पाहा, तिचं वय त्या वेळी आठ-नऊच्या पुढं नसतं. विसर्जन झालं, मुखवटे धडप्यात गुंडाळून पेटीत गेले, की बायका मुकाट्यानं आपापल्या वयावर परत येतात.

मी येत नाही. बाहुल्या शिवायच्या, त्यांचे कपडे शिवायचे आणि मग त्यांचे फोटो काढायचे हा माझा बारमाही उद्योग आहे.

माहेर लातूर, सासर नांदेड. लातूर हे परीक्षेचं गाव. ‘लातूर पॅटर्न’नं महाराष्ट्राला डॉक्टर-इंजिनीअर पुरवले, तेव्हा तिथं कुठल्याही गोष्टीबद्दल पहिला प्रश्न असतो, ‘ह्याचा पुढं काय उपयोग?’ बाहुलीच्या झग्याला कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. मला उत्तर देता येत नाही. नांदेडचे लोक तुलनेनं मायाळू. ते म्हणतात, ‘चांगलंय, वेळ जातो.’ वेळ जातो हे खरंच आहे. करंगळीएवढी एक बाही लावायला अख्खी दुपार जाते.

कारण लहान कपडा सोपा असतो हा गैरसमज आहे. बार्बी नावाची जी बाई १९५९ साली अमेरिकेत जन्मली ती साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. तिच्या मापानं हिशेब केला तर नऊवारचं दीडवार होतं. इथवर गणित छान जमतं. पण साडीची लांबी सहापट कमी केली तरी कापडाची जाडी कमी होत नाही, सूत आहे तेवढंच राहतं. माणसाच्या अंगावर झुळझुळणारं कापड बाहुलीच्या अंगावर पत्र्याचं होतं. निऱ्या पडत नाहीत, उभ्या राहतात. काष्टा घातला की बाहुली बसूच शकत नाही. मग जुनी, शंभर वेळा धुतलेली ओढणी, मलमल, आजीच्या पातळाचा विरलेला मधला भाग असं काहीतरी शोधावं लागतं. निऱ्या घालायच्या, टाचण्या टोचायच्या, पाणी शिंपडायचं, वरून दोरा गुंडाळायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी दोरा सोडला की साडी नरमलेली असते.

शिवण एक सेंटिमीटर सोडली तर आत नुसत्या शिवणीचंच अस्तर होतं. पाव इंचापेक्षाही कमी सोडावी तर कापड उसवतं. बाही गोल जोडायची नाही. आधी सपाट लावायची, मग बाजूची शिवण एका दमात मारायची, हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. बाही सुलटी करायला मी बॉलपेनची रिकामी रिफील वापरते. कापूस भरायचा तो आधी हातापायांच्या टोकांना, चिमटीचिमटीनं, आणि मानेत तर इतका ठासून की शिवण कुरकुरली पाहिजे. मानेत कंजुषी झाली की चार दिवसांत बाहुली डोकं टाकते. अशा एका बाहुलीकडे पाहून नवरा म्हणाला, ‘हिला ऊन लागलंय, कांदा फोडून दे.’ एप्रिलचा महिना होता, निदान चुकीचं म्हणता येणार नाही.

कापडाची मात्र ददात नाही, त्याचं श्रेय आपल्या ओटी भरण्याच्या पद्धतीला. हळदीकुंकू, डोहाळजेवण, वास्तुशांत, काहीही निघालं की ब्लाऊज पीस येतो. तो कुणी शिवत नाही. तो पुढच्या ओटीत जातो. मराठवाड्यात काही ब्लाऊज पीस असे आहेत की त्यांनी माझ्यापेक्षा जास्त घरं पाहिलीत. मीच दिलेला एक पोपटी पीस फिरून माझ्याच ओटीत आला, कोपऱ्यातल्या शाईच्या डागावरून ओळखला. मी त्याचं भ्रमण थांबवलं आणि त्यातून बाहुल्यांची तीन परकर-पोलकी काढली. उरलेली भर टेलरच्या दुकानातल्या कातरणाची. आमच्या गल्लीतला टेलर पिशवी भरून देतो आणि दर वेळी विचारतो, ‘गोधडीला का, काकू?’ मी हो म्हणते. त्याला बाकीचं सांगितलं तर तो मापं घ्यायला येईल.

सगळ्यात उपयोगी म्हणजे गुळेदगुडचा खण. त्याची बुट्टी मुळातच इतकी बारीक की बाहुलीच्या पाठीवर चार-पाच सहज मावतात. इरकल आपल्या भागात अंगवळणी पडलेली, बारीक काठाची मिळाली तर सोनं. पैठणीकडे मात्र नुसतं पाहावं. पदरावरचा मोर बाहुलीच्या खांद्यावर आला की तो मोर वाटत नाही, हल्ला वाटतो.

ह्या कामाला कमी लेखणाऱ्यांना मी पॅरिसची गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तिथं कापडाची इतकी टंचाई होती की बड्या शिवणघरांना माणसांचे कपडे दाखवायला कापड पुरेना. मग १९४५ साली त्यांनी सुमारे सत्तर सेंटिमीटर उंचीच्या तारेच्या बाहुल्या केल्या आणि नव्या हंगामाचे कपडे त्यांच्यावर शिवले. बालेन्सियागासारखा मातब्बर शिंपी त्यात होता. प्रदर्शन पॅरिसमध्ये गाजलं, पुढं परदेशांतही फिरलं. त्या बाहुल्या आज अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका संग्रहालयात आहेत. जगातल्या सगळ्यात महागड्या शिंप्यांनी अडचणीच्या वेळी जे केलं ते मी सुकाळात करते, एवढाच फरक. आणि शिंपीकामाची लाज आमच्या भागात कुणी बाळगूच नये. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव, नामदेव शिंप्याचे, आणि त्यांची पदं ज्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत त्यापुढं नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात जगभरातून आलेली माणसं माथा टेकतात.

बाहुलीचं घराणंही इथं जुनं आहे. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, सातवाहनांच्या काळातलं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मातीच्या इवल्या मूर्ती आहेत. त्यांचे केस, दागिने, कमरेच्या मेखला इतक्या बारकाईनं केलेल्या की मी काचेला नाक लावून उभी होते. तेरची आणि जालन्यातल्या भोकरदनची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या मूर्तीच्या नात्यातली मानतात. पण चिंधीची बाहुली संग्रहालयात पोचत नाही. ती आधी पोरीच्या कुशीत मळते, मग तिचा कापूस उशीत जातो आणि कापडाचं पोतेरं होतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातली एक चिंधीची बाहुली आहे, अंग तागाचं, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे. ती टिकली कारण ती इजिप्तच्या कोरड्या वाळूत होती. आमच्या काळ्या मातीत, पावसाळ्यात आणि वाळवीत कोण टिकणार? म्हणूनच मी फोटो काढते, असं मी लोकांना सांगते. खरं कारण असं की शिवून झालेली बाहुली कपाटात बसवली की ती माझ्याकडे ‘आता पुढं काय?’ म्हणून बघते. लातूरचंच पाणी.

फोटोचं पहिलं कलम एकच: बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर या. उभ्यानं काढलेल्या फोटोत बाहुली वस्तू दिसते, जमिनीवर पालथं पडून काढलेल्या फोटोत व्यक्ती दिसते. ह्या वयात पालथं पडणं सोपं आहे, उठण्यासाठी नियोजन लागतं. दुसरं, मोबाइल फार जवळ न्यायचा नाही. जवळ नेला की नाकाचा शेंडा लख्ख आणि कान धुक्यात. दोन पावलं मागं सरकून थोडं झूम केलं की बाहुली सबंध दिसते. ऊन सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळचं. आमच्याकडचं दुपारचं ऊन माणसाची रया घालवतं, तिथं बाहुलीचं काय. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरायचा, गाल उजळतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवायचा, तो वेणीला पार्श्वभूमी समजून कापून टाकतो. फोन मात्र गुणी आहे. त्यानं माझ्या एका बाहुलीचा चेहरा ओळखून तिचे सगळे फोटो वेगळे लावले आणि विचारलं, ही कोण? नवऱ्याचे फोटो त्यानं अजून दोन वेगवेगळ्या माणसांत विभागून ठेवलेत.

बाहुलीच्या फोटोंनी काय होऊ शकतं ह्याचा एक दाखला आहे. ब्लाइथ नावाची मोठ्या डोळ्यांची बाहुली १९७२ साली अमेरिकेत निघाली आणि वर्षभरात बंद पडली, कुणाला आवडलीच नाही. जवळजवळ तीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या जीना गॅरन ह्या बाईनं तिला हिंडवून-फिरवून काढलेल्या फोटोंचं पुस्तक आलं, २००० साली. लगेच जपानात ती नव्यानं तयार होऊ लागली आणि आजही होते. बाहुली तीच, नुसतं कुणीतरी तिच्याकडे नीट पाहिलं.

आमच्याकडे हिंडवणं-फिरवणं जरा जपून. लातूरकडे भावाच्या शेतात सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं की बाहुलीच्या उंचीवरून ते घनदाट अरण्य दिसतं. त्या मोहात मी बांधावर बाहुली बसवते. पण शेजारून जाणाऱ्यानं काय पाहायचं? बांधावर एक बाहुली, निऱ्यांना टाचण्या टोचलेल्या, अंगाला लाल दोरा गुंडाळलेला, शेजारी भोपळा म्हणून ठेवलेलं लिंबू आणि समोर पालथी पडलेली एक बाई. ज्या मुलखानं भानामतीच्या गोष्टी ऐकत रात्री काढल्या त्या मुलखात ह्याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. ‘काय करूलालीस माय?’ असं लांबूनच विचारून म्हातारबाबा तीन वावरं वळसा घालून गेले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झालाय, तेव्हा दोरा घरी सोडून निघणं बरं. भावानं तर सांगूनच टाकलंय, लिंबू आणायचं नाही, भोपळा पाहिजे तर भोपळा आण.

पोरांना मात्र कसलीच शंका येत नाही. ती येतात, उकिडवी बसतात, बाहुलीचं नाव विचारतात आणि तिच्या पायात चप्पल का नाही म्हणून माझी खरडपट्टी काढतात. चपला मी आता शिकते आहे. जुन्या पर्सचं रेक्झिन चालतं, तळव्याला पोस्टकार्डाचा पुठ्ठा.

तेव्हा हे वाचणाऱ्या ताई-माई-अक्कांना एक विनंती. तुमच्या कपाटात ओटीचे पीस पडून असतीलच. ते पुढं ढकलू नका. बारीक बुट्टीचा खण, सुती, विरलेलं काहीही शेजारच्या एखाद्या पोरीला द्या आणि सोबत सुई-दोराही द्या. सॅटिन तेवढं देऊ नका. ते फार उसवतं, आणि पोरगी वैतागून पुन्हा मोबाइल हातात घेते.