दोन खेळींत मात

बुद्धिबळ खेळणारे गावोगाव सापडतात. कोल्हारचे नाना बुद्धिबळ खेळत नाहीत, बुद्धिबळाची कोडी रचतात. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी ते फक्त पावसापाण्याचं बोलतात. गावात जवळजवळ सगळ्यांशीच ते पावसापाण्याचं बोलतात.

नानांची नोकरी प्रवरानगरच्या साखर कारखान्यात, वजनकाट्यावर झाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारात उभा केलेला हा कारखाना, 1950 पासूनचा. भरली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. इतके हंगाम हेच केल्यावर माणसाला फुकटच्या वजनाचा तिटकारा येतो. पटावर एखादं प्यादं नुसतंच उभं दिसलं की नाना भडकतात, "हे इथं कशाचा पगार घेतंय?" कोडेकारांचा कायदाही हाच आहे. ज्याला काम नाही त्याला पटावर जागा नाही. (गावातल्या काही संस्थांना हा नियम लावावा, असं नाना हळू आवाजात सुचवतात आणि लगेच पावसाकडे वळतात.)

नानांचं सगळं प्रेम एका कल्पनेवर आहे. तिचं नाव ग्रिमशॉ. वॉल्टर ग्रिमशॉ या इंग्रजाने 1850 साली ती एका कोड्यात मांडली. टपरीवर कोणी चुकून "म्हणजे काय हो?" असं विचारलं, तर नाना खिशातून जुनी पावती काढतात आणि तिच्या पाठीवर चौकोन आखतात. काळा हत्ती ए-6 वर. तो सहाव्या आडव्या ओळीवर थेट एच-6 पर्यंत नजर ठेवून आहे. काळा उंट एफ-8 वर. तो तिरका खाली ए-3 पर्यंत पाहतो. दोघांच्या वाटा डी-6 या एकाच घरात एकमेकींना छेदतात. हत्ती डी-6 वर आला की उंटाची वाट बंद, उंट आला की हत्तीची. पांढऱ्याने अशी कळ फिरवायची की काळ्याला या दोघांपैकी एकाला तिथं आणावंच लागेल, आणि जो येईल तो आपल्याच भावाच्या आड येईल. उघड्या पडलेल्या बाजूने मात.

"म्हणजे आपला चौक," टपरीवाला म्हणतो. नगर-मनमाड रस्त्यावरून शिर्डीच्या गाड्या, लोणीकडून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर; दोघेही रास्त, दोघांनाही घाई, आणि मधोमध दोघेही ठप्प. नानांनी ही उपमा लगेच उचलली. पुढे तीत सुधारणाही केली. कोणी मुद्दाम एक बैलगाडी नेऊन चौकाच्या मध्यावर सोडली, तर तो नोव्होटनी. म्हणजे पांढरा आपलंच एक मोहरं डी-6 वर बळी ठेवतो. हत्तीने खाल्लं तर उंट अडला, उंटाने खाल्लं तर हत्ती अडला. ही युक्ती 1854 सालची. चौकातल्या बैलगाड्या त्याहून जुन्या असाव्यात.

गावातल्या खेळाडूंना नानांचा 'दोन खेळींत मात करा' असा पट बघवत नाही. "एवढी फौज पांढऱ्याकडं, काळ्याकडं राजा आणि चार भिकारी. हा तर हरलेलाच आहे! दोन खेळींत कशाला, दहा खेळींत मारा निवांत. कुठली एसटी चुकतीय?" नाना उत्तर देत नाहीत. हरलेल्याला हरवण्यात काय मजा आहे, हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो. "एक डाव होऊन जाऊ द्या, नाना," असा आग्रह झाला तर मात्र ते बोलतात, "समोरचा चुकेपर्यंत ताटकळत बसायचं, हा काय धंदा आहे?" त्यांच्या कोड्यात कोणी चुकत नाही. काळा उत्तमातली उत्तम खेळी करतो आणि तरी मरतो. माझ्या मते नाना डाव टाळतात याला दुसरंही कारण आहे. खेळात ते अगदीच सुमार आहेत.

हे सिद्ध व्हायला 2025 साल उजाडावं लागलं. नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि गावातल्या पालकांना एकदम नाना आठवले. चार पोरं शिकायला आली. नानांनी त्यांना सुरुवातीच्या खेळी शिकवल्याच नाहीत, कारण कोड्यात सुरुवात नसतेच. पोरं तालुक्याच्या स्पर्धेला गेली आणि चहाच्या आत परत आली. पैकी एक जण म्हणाला, "नाना, त्यानं हत्ती ए-6 वर ठेवलाच नाही."

अपयशाने नाना खचत नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी परंपरा आहे. त्रेवंगडाचार्य शास्त्र्यांनी संस्कृतात रचलेले मात करण्याचे डाव 1814 साली मुंबईत इंग्रजीत छापून निघाले, हे ते चहाच्या पहिल्या घोटाला सांगतात. दुसऱ्या घोटाला येतो 1845. त्या साली लंडनच्या एका बुद्धिबळाच्या मासिकात दिल्लीहून आलेलं एक कोडं छापलं गेलं, पाठवणाऱ्याचं नाव 'शागीर्द'. हा शागीर्द म्हणजे हेन्री लव्हडे नावाचा पाद्री. त्या कोड्याने एवढी खळबळ उडवली की त्यातल्या कल्पनेला जगभर इंडियन थीम म्हणतात. पांढरा आपलं मोहरं मुद्दाम लांब नेऊन ठेवतो आणि दुसरं मोहरं त्याच्या आड उभं करतो. त्यामुळे कोंडलेल्या काळ्या राजाला हलायला एक घर मिळतं. तो हलला की आडवं मोहरं बाजूला होतं, आणि मागच्याचा उघडा शह बसतो. तीच मात. "रचणारा पाद्री होता, पण पाणी इथलं होतं," असं म्हणून नाना उरलेला चहा संपवतात.

नानांचा खरा शत्रू घरातच आहे. तो नातू. पुण्यात शिकतो, सुटीत लॅपटॉप घेऊन येतो. त्या लॅपटॉपात पॉपाय नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे आणि ती कोडी तपासते. कोड्याला पहिली खेळी, म्हणजे किल्ली, एकच हवी. दुसऱ्या खेळीनेही मात होत असेल तर कोडं बाद. नानांनी अख्खा उन्हाळा खपून जमवलेला ग्रिमशॉ नातवाने एका दुपारी तिच्यात घातला. नाना चष्मा शोधेपर्यंत उत्तर आलं होतं. घोड्याने साधी खेळी केली तरी मात होत होती. नानांनी एक प्यादं वाढवून ते भोक बुजवलं, तर दुसरीकडे तिसरी किल्ली निघाली. रात्री काकू म्हणाल्या, "अहो, ठेवा की दोन उत्तरं. लोकांना सोपं जाईल." नाना दोन दिवस पावसापाण्याचंही बोलले नाहीत.

मग त्यांना कुठूनसं कळलं की लव्हडेचं मूळ कोडंही निर्दोष नव्हतं. तेव्हापासून गडी पुन्हा पावत्यांच्या पाठी भरतोय. ही जात अशीच आहे. नाबोकोव्हसारखा कादंबरीकारही यातून सुटला नाही. त्याने आपल्या कविता आणि कोडी एकाच पुस्तकात छापली. नानांचं म्हणणं, कविता काढून टाकायला हव्या होत्या, त्यांना काम नव्हतं.

पौष पौर्णिमेला भगवतीच्या यात्रेला आलात आणि टपरीवर मांडलेला पट दिसला, तर खुशाल बसा, चहा घ्या. फक्त "कोणाची खेळी?" असं विचारू नका. कोड्यात पहिली खेळी पांढऱ्याचीच असते.