माती विरुद्ध गादी : एक साधार विवेचन

महाराष्ट्र केसरी या किताबाची रचना वरकरणी अगदी सोपी असून, गादी विभागातून निघालेला अजिंक्य पैलवान आणि माती विभागातून निघालेला अजिंक्य पैलवान यांची शेवटी गाठ घालून द्यावी आणि जो जिंकेल त्याच्या खांद्यावर चांदीची गदा ठेवावी, एवढेच तिचे सूत्र आहे. गादी म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरली जाणारी मॅट, जिच्यावर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात आणि गुणांचा हिशेब मांडला जातो. माती म्हणजे हळद, ताक, तेल, लिंबू असे घटक घालून मळलेली आखाड्यातली लाल माती, जिच्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे एकाची पाठ लागेपर्यंत, म्हणजे तो चितपट होईपर्यंत, घड्याळाकडे कोणी पाहत नसे. स्पर्धेतल्या मातीलाही आता गुण आणि मिनिटे लागू झाली असली, तरी मातीवाल्यांच्या मते गादीवर कुस्ती नसून बेरीज असते आणि गादीवाल्यांच्या मते मातीत ऑलिंपिकचे पदक उगवत नाही. हा वाद मिटावा अशी दोन्ही पक्षांपैकी कोणाचीही मनापासून इच्छा नाही.

पाटस हे गाव या वादाच्या अभ्यासासाठी मोक्याच्या जागी वसलेले आहे. पुणे-सोलापूर रस्ता, पुणे-दौंड लोहमार्ग आणि भीमा साखर कारखाना यांमुळे गावात बातमी, ऊस आणि मतभेद यांची आवक बारमाही असते, आणि संत तुकाराम महाराजांची पालखी इथून रोटी घाट चढून गेली की उरलेल्या वर्षभरात चर्चेला कुस्तीइतका टिकाऊ विषय दुसरा उरत नाही. अशा चर्चेत एक अभ्यासक हटकून आढळतो. प्रस्तुत लेखाचा कर्ता याच वर्गात मोडत असल्यामुळे त्याची लक्षणे खात्रीने नोंदवता येतात : तो कधीही लांग बांधून आखाड्यात उतरलेला नसतो, मात्र चालताना दंड शरीरापासून वीतभर लांब धरतो; ढाक, कलाजंग, पोकळ घिस्सा, बाहेरील टांग हे डाव त्याला नावानिशी ठाऊक असतात आणि कोणता डाव पडणार याचे अचूक भाकीत तो डाव पडून गेल्यावर लगेच करतो.

या अभ्यासकाला अलीकडे तुलनात्मक दृष्टीही लाभली आहे. अमेरिकेत बेसबॉल या खेळाच्या दोन प्रतिस्पर्धी साखळ्या, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग, वर्षभर आपापले सामने खेळतात आणि उन्हाळ्यात एकदा दोघींतल्या निवडक खेळाडूंचा एकमेकांविरुद्ध सामना होतो. पहिला सामना 6 जुलै 1933 रोजी शिकागोत झाला आणि अमेरिकन लीगने तो 4-2 असा जिंकला. या दोन साखळ्यांचे नियमही कित्येक दशके वेगळे होते, कारण 1973 पासून एकीत चेंडू फेकणाऱ्याच्या जागी फलंदाजीपुरता दुसरा गडी चाले आणि दुसरीने ती सोय 2022 मध्येच कायमची पत्करली, म्हणजे गादी-मातीचे दुखणे साता समुद्रांपलीकडेही आहे. 2002 साली मिलवॉकीत हा सामना 7-7 असा अडला, अकरा डाव झाले, चेंडू फेकायला ताजे गडीच उरले नाहीत, तेव्हा तो बरोबरीत सोडवला गेला आणि प्रेक्षक खवळले. दौंड-शिरूर पट्ट्यातल्या कोणत्याही यात्रा कमिटीला हा अनुभव नवा नाही, कारण इथे शेवटची मोठी कुस्ती ही बहुधा बरोबरीत सोडवण्यासाठीच ठरवलेली असते असे पब्लिकचे पक्के मत आहे. अमेरिकनांनी मात्र ते मनावर घेतले आणि 2003 ते 2016 या काळात जिंकणाऱ्या साखळीच्या संघाला अंतिम मालिकेत घरच्या मैदानाचा लाभ देऊन टाकला.

येथे फेट्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. यात्रेच्या आखाड्यात लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, म्हणजे इनाम म्हणून ज्यांत नारळ मिळतो अशा जोडी, पटापट उरकतात. परंतु मोठी जोड मैदानात येऊन हात मिळवणार, इतक्यात लाउडस्पीकरवरून मान्यवरांच्या सत्काराची घोषणा होते. पहिल्या मान्यवराला फेटा बांधला जातो, दुसऱ्याच्या फेट्याचा शेमला डाव्या बाजूला आल्यामुळे तो सोडून पुन्हा बांधला जातो, तिसरे मान्यवर व्यासपीठावर नसतात म्हणून त्यांचा फेटा त्यांच्या पुतण्याला बांधला जातो, आणि चौथ्याला फेटा अपुरा पडल्याने टॉवेल-टोपीवर भागवले जाते, ज्याचे पडसाद पुढे सोसायटीच्या निवडणुकीत उमटतात. हलगीवाला तेवढ्या वेळात पाचटाच्या जाळावर हलगी शेकून पुन्हा ताणून घेतो. अभ्यासक हा सर्व प्रकार अत्यंत तुच्छतेने पाहत असतो. मात्र निवेदकाच्या हातातल्या यादीकडे त्याची मान किती वेळा वळते, हे शेजारी बसलेल्यांना मोजता येते, आणि फेटा नीट बसावा म्हणून त्याने आदल्या दिवशीच केस कापून घेतलेले असतात. या अवधीत दोन्ही पैलवान उघड्या अंगाने उभे असतात, दंडावर टाकलेली माती घामाने आधी काळी पडते, मग वाळून तिचे पोपडे सुटतात, आणि ते मुकाट्याने वाकून नवी मूठ उचलतात.

त्या दोघांकडे पाहिले असता विनोद थोडा आवरता घ्यावा लागतो. एकेक मूल तालमीत ठेवायचे म्हणजे दूध, बदाम, तूप यांचा खुराक वर्षानुवर्षे पुरवावा लागतो, त्यासाठी घरात ऊस तुटण्याआधीच उचल घेतली जाते, आणि हे सगळे एका गदेच्या आशेवर चालते. ती गदा एकच असावी, ही किमान अपेक्षा होती. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले : राज्य कुस्तीगीर संघाच्या फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवले, तर कुस्तीगीर परिषदेच्या धाराशिवच्या स्पर्धेत त्याच राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून किताब घेतला. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पंचांशी झालेल्या वादानंतर राक्षे आणि महेंद्र गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. मार्चमध्ये भीमेपलीकडच्या कर्जतला वेताळ शेळके हाही महाराष्ट्र केसरी झाला. माती आणि गादी यांचे भांडण निदान आखाड्यात सुटत होते. दोन संघटनांमधले हे दुसरे भांडण लेटरहेडवर चालते, त्यात कोणाचीच पाठ लागत नाही, आणि चीड येते ती याची की त्याची किंमत लेटरहेड बाळगणारे कधीच मोजत नाहीत.

त्याआधी, जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत गादीतून आलेला सदगीर आणि मातीतून आलेला लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही पुण्यात काका पवारांच्या एकाच तालमीत घडलेले, एकमेकांचे डाव पाठ असलेले. सदगीर 3-2 असा जिंकला आणि पहिली गोष्ट त्याने केली ती ही, की हरलेल्या शेळकेलाच खांद्यावर उचलून घेतले. अभ्यासकाला त्या क्षणी एकाही डावाचे नाव सुचले नव्हते.

दोन किताबांचा व्यावहारिक परिणाम गावोगावच्या यात्रा कमिट्यांवर झाला असून, फ्लेक्सवर कोणत्या महाराष्ट्र केसरीचा फोटो आधी छापावा हा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो. त्यावर सर्वमान्य तोडगा असा निघाला आहे की वरची सगळी जागा देणगीदारांना द्यावी आणि दोन्ही केसरींना तळाशी पासपोर्ट आकारात सारखेच बसवावे. अशाच एका फ्लेक्सवर 'मार्गदर्शक' म्हणून आपले नाव असावे, अशी सूचना अभ्यासकाने स्वतःहून केली, तेव्हा वर्गणीची पावती फाडल्यास विचार करता येईल असे त्यास कळवण्यात आले. आणि मार्गदर्शक व देणगीदार यांपैकी कोणाची अक्षरे ठळक असतात, याची तो सध्या फ्लेक्सवाल्याकडे चौकशी करीत आहे.