माणूस सापडला!

दोन विमानं एकमेकांवर आदळली की चौकशीवाल्यांना आधी ब्लॅक बॉक्स लागतो, मग एक माणूस लागतो. ब्लॅक बॉक्स मिळायला कधी कधी आठवडा जातो. माणूस मात्र संध्याकाळच्या बातम्यांच्या आत मिळतो. बहुतेक वेळा तो मेलेला वैमानिक असतो. वैमानिक सोयीचा नसेल तर टॉवरमधला कंट्रोलर असतो. फाइल दाबून बसलेला सहसचिव मात्र आजवर एकाही ढिगाऱ्यात सापडल्याचं ऐकिवात नाही.

चरखी दादरीचंच घ्या. १२ नोव्हेंबर १९९६, दिवस मावळलेला. दिल्लीहून सौदियाचं जंबो जेट उडालं. आत ३१२ माणसं, त्यातली बरीचशी पोटापाण्यासाठी आखातात निघालेली. समोरून कझाकस्तानचं इल्यूशिन दिल्लीत उतरायला येत होतं, आत ३७ माणसं. दोघंही एकाच वाटेवर, तोंडासमोर तोंड. कारण दिल्लीच्या आकाशाचा मोठा तुकडा हवाई दलाकडे होता आणि नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी मिळून एकच पट्टा सोडलेला होता. एकपदरी घाटरस्ताच म्हणा, फक्त वळणावर हॉर्न मारायची सोय नाही.

आता टॉवरमधलं चित्र बघा. कंट्रोलरच्या रडारवर विमानाचा ठिपका दिसायचा, तो किती लांब आहे ते कळायचं, पण किती उंचीवर आहे ते कळायचं नाही. उंची वैमानिकानं रेडिओवर सांगायची आणि कंट्रोलरनं मानायची. देशाची राजधानी, आंतरराष्ट्रीय विमानतळ, आणि उंचीचा कारभार तोंडी! सौदी विमान चौदा हजार फुटांवर, कझाक विमान पंधरा हजारांवर, मध्ये हजार फूट, असा हिशेब होता. पंधरा हजारांवर पोचलो, असं कझाक विमानानं कळवलंही. कंट्रोलरनं बजावलं की समोरून सौदीचं जंबो येतंय, दिसलं की सांगा. पलीकडून विचारणा झाली, किती मैल? चौदा. मग तेरा. आपलं काम त्यानं चोख केलं होतं. त्याच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते, पण दादरीवरून तसे ते एरवीही सरकायचेच.

इल्यूशिनच्या कॉकपिटमध्ये रेडिओवर बोलणारा गडी वेगळा होता. कंट्रोलरशी इंग्रजीत बोलायचं काम त्याचं, विमान खालीवर करायचं काम वैमानिकांचं. उंची दाखवणारं यंत्र वैमानिकांसमोर होतं, याच्यासमोर नव्हतं. आकडा बघायचा तर त्यांच्या खांद्यावरून मान लांब करायची. हे असं कॉकपिट कोणी तरी आखलं होतं, कोणी तरी मंजूर केलं होतं. त्यानं मान लांब केली तेव्हा विमान पंधरा हजार सोडून चौदा हजारांच्या घरात उतरलं होतं आणि तरीही उतरतच होतं. वर घ्या, असं तो म्हणाला. वैमानिकांनी विमान वर घेतलं आणि त्याची शेपटी जंबोच्या पंखात घुसली. घाईनं वर घेतलं नसतं तर ते बहुधा जंबोच्या खालून निघून गेलं असतं. ३४९ माणसं गेली, वाचलं कोणी नाही. हवेतल्या टकरीत इतकी माणसं त्याआधी आणि त्यानंतर कुठे मेलेली नाहीत.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटींच्या आयोगानं दोष कझाक वैमानिकांवर ठेवला. ठरलेली उंची सोडली, इंग्रजी कच्चं, आपसात ताळमेळ नाही. निष्कर्ष बरोबरच होता, त्यात वाद नाही. (हेच लाहोटी पुढे सरन्यायाधीश झाले, त्यामुळे वाद घालायची माझी प्राज्ञाही नाही.) पण शिफारशी वाचा म्हणजे गंमत कळते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे पट्टे वेगळे करा. उंची दाखवणारं रडार बसवा. विमानांत टक्कर टाळणारं टीकॅस यंत्र सक्तीचं करा. म्हणजे ही तिन्ही कामं झालेली नव्हती. अमेरिकेत टीकॅस मोठ्या प्रवासी विमानांना १९९३ अखेरपासून सक्तीचं होतं. चरखी दादरीच्या दोन्ही विमानांत ते नव्हतं आणि नसलं तरी आपल्या आकाशात यायला त्यांना कोणाची हरकत नव्हती. हे काम कोणाच्या टेबलावर पडून होतं, त्याचं नाव कुठल्या निष्कर्षात आलं नाही. शिफारशींमध्ये गुन्हा सापडतो, गुन्हेगार सापडत नाही.

माणसं मेल्यावरच जागं व्हायची ही खोड फक्त आपलीच आहे असं समजून मान खाली घालू नका. अमेरिकेतही १९५६मध्ये ग्रँड कॅनियनवर दोन विमानं आदळून १२८ माणसं गेली, मग कुठे १९५८मध्ये आकाशाचा एकच कारभारी नेमायचा कायदा झाला. आजची एफएए ती हीच.

पुढे टीकॅस आलं आणि नवाच पेच पडला. यंत्र म्हणतं वर जा, कंट्रोलर म्हणतो खाली जा, ऐकायचं कोणाचं? ३१ जानेवारी २००१ला जपानमध्ये एकाच कंपनीची दोन विमानं याच गोंधळात समोरासमोर आली. दोन्हींत मिळून ६७७ माणसं. वैमानिकानं ऐन वेळी विमान खाली दाबलं, आतली माणसं छताला आपटली, पण सगळी वाचली. जपान्यांनी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेला कळवलं की नियम स्पष्ट करा. संघटनेनं पत्र वाचलं असावं. दीड वर्षानं, १ जुलै २००२च्या रात्री, जर्मनीत यूबरलिंगनवर तोच गोंधळ पुन्हा झाला. मालवाहू विमानानं यंत्राचं ऐकलं, रशियन विमानानं कंट्रोलरचं ऐकलं, दोघंही खाली आले. ७१ माणसं गेली. त्यात बरीच मुलं स्पेनला सहलीला निघालेली.

त्या रात्री झुरिकच्या कंट्रोल रूममध्ये एक कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता. दुसरा विश्रांतीला गेला होता. ही रीत वरच्यांना ठाऊक होती आणि चालत होती. रडारची दुरुस्ती निघाली होती, मुख्य फोन त्याच कामासाठी बंद होता, पर्यायी फोन नादुरुस्त. शेजारच्या जर्मन केंद्राला टक्कर दिसत होती, ते फोन लावत राहिले, लागेना. जबाबदार कोण, हे कोर्टानं ठरवायच्या आधी एका बापानं ठरवलं. बायको आणि दोन मुलं गमावलेल्या त्या माणसानं २००४मध्ये कंट्रोलरला त्याच्या दारात भोसकून मारलं. त्यानंतर, २००७मध्ये, ती कंट्रोल रूम चालवणाऱ्या कंपनीच्या चार जणांना कोर्टानं दोषी धरलं. कोणी तुरुंगात गेलं नाही. जपानमध्ये तर शिकाऊ कंट्रोलर आणि त्याची देखरेख करणारी, दोघांचीही शिक्षा सुप्रीम कोर्टात कायम झाली. तिथे एकही माणूस मेला नव्हता बरं का. पत्र वाचून ठेवून देणाऱ्यांचं काय झालं ते विचारू नका.

वॉशिंग्टनचं प्रकरण ताजं आहे. २९ जानेवारी २०२५ची रात्र, विमानतळावर उतरायला आलेलं प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीच्या वर आदळलं, ६७ माणसं गेली. नदीतून प्रेतं काढायचं काम चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी माणूस शोधून दिला. एक नव्हे, सगळी जमात. नोकरभरतीत विविधता आणल्यामुळे हे झालं, म्हणाले. पुरावा विचारल्यावर म्हणाले, मला व्यवहारज्ञान आहे!

तपास करणाऱ्या एनटीएसबीनं एफएएचंच दप्तर उघडलं. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाच्या परिसरात विमान आणि हेलिकॉप्टर धोक्याच्या अंतरात आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदलेले होते. त्यातले ८५ अगदी जीवावरचे. हेलिकॉप्टरची वाट आणि एका धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची वाट यांच्यात नकाशावरच एका ठिकाणी जेमतेम ७५ फुटांचं अंतर होतं. हा नकाशा टॉवरमधल्या पोरानं काढलेला नव्हता. त्याच्याकडे त्या रात्री विमानांचं आणि हेलिकॉप्टरचं, अशी दोन्ही कामं एकत्र दिलेली होती. ‘विमानाच्या मागून जा’ हे त्यानं सांगितलं ते बहुधा हेलिकॉप्टरमध्ये पोचलंच नाही, कारण त्याच क्षणी तिकडून माइकचं बटण दाबलं गेलं होतं. आणि आठ महिने आधी याच गच्च भरलेल्या विमानतळाला अमेरिकी काँग्रेसनं रोजच्या आणखी पाच फेऱ्या मंजूर करून दिल्या होत्या, आसपासचे सिनेटर नको नको म्हणत असताना. राजधानीला खेटून असलेला विमानतळ, लोकप्रतिनिधींना शनिवारी घरी जायला सोयीचा.

त्यावर कडी म्हणजे हॉटलाइन. पेंटागॉन आणि हा टॉवर यांच्यातली थेट फोनलाइन मार्च २०२२पासून मेलेली होती. एफएएला हे कळलं मे २०२५मध्ये, आणखी एका हेलिकॉप्टरमुळे विमानांना उतरता उतरता परत वर जावं लागलं तेव्हा.

आता आपल्या अंगणात या. ८ जून २०२४ला मुंबईत एअर इंडियाचं विमान २७ नंबरच्या धावपट्टीवरून उडायला धावत होतं आणि त्याच्या मागे त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकलं. व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. हवाई नियामक डीजीसीएनं तत्परतेनं कंट्रोलरला ड्युटीवरून उतरवलं. चूक असेल तर उतरवावंच. पण एका वेळी एकच धावपट्टी चालवून तासाला चाळीसहून जास्त विमानं उडवायची आणि उतरवायची, हे वेळापत्रक त्यानं आखलं होतं का? लोहगावचा टॉवर हवाई दलाकडे, दाबोळीचा नौदलाकडे. तिथे नागरी विमानांनी पाहुण्यासारखं यायचं, पाहुण्यासारखं जायचं. लोहगावात तर फेब्रुवारी २०२०मध्ये उडायच्या बेतात असलेल्या विमानासमोर जीप आली आणि वैमानिकानं विमान वेळेआधीच उचललं म्हणून लोक वाचले.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं हवाई सुरक्षेवर अहवाल दिला. कंट्रोलरची तूट आणि त्यांची दमछाक, दोन्ही त्यात आहेत. विमानांवर, कंपन्यांवर आणि कंट्रोलरवर लक्ष ठेवणाऱ्या डीजीसीएची मंजूर पदं १,०६३, त्यातली भरलेली ५५३. पाचशे दहा खुर्च्या तेव्हा रिकाम्या. त्या इतकी वर्षं कोणी रिकाम्या ठेवल्या, त्याचं नाव, हुद्दा आणि सहीची तारीख हवाई वाहतूक मंत्रालयानं पुढच्या अपघाताची वाट न बघता संसदेच्या येत्या अधिवेशनात सभागृहाच्या टेबलावर ठेवावी.