बटण बंद करू नका, अर्ज भरा

अभिनंदन! तुम्ही तुमच्या कमर्शियल इमारतीचे सेक्रेटरी झालात. म्हणजे ज्या मीटिंगला तुम्ही गेलात, तिला बाकीचे कोणी फिरकलेच नव्हते. आता कॉमन मीटरचं बिल हातात पडलंय, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी सांगितलंय की वीज वाचवली तर वीज कंपनीच पैसे देते. अगदीच खोटं नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 साली मागणी व्यवस्थापनाचे नियम केले. मुंबईतल्या वीज कंपन्यांनी जुने एसी आणि पंखे बदलून नवे घेणाऱ्यांना सवलती दिल्या. रात्री स्वस्त विजेवर बर्फ करून ठेवायचा आणि दुपारी त्यावर ऑफिस गार करायचं, अशीही योजना निघाली. पण एक लक्षात ठेवा: वीज वाचवणं वेगळं आणि अनुदान मिळवणं वेगळं. पहिल्याला एक बोट पुरतं, दुसऱ्याला फाइल लागते.

1. आधी मनसोक्त उधळा.

बचत मोजतात ती आधीच्या वापराशी ताडून. त्याला जाणकार 'बेसलाइन' म्हणतात. बेसलाइन जितकी उंच, तितकी उडी मोठी दिसते. आधीच्या कमिटीतले खजिनदार रोज संध्याकाळी जिने चढून एकेका मजल्यावरचे दिवे मालवत असतील, तर त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं करा. भल्या माणसाने तुमची बेसलाइन पार नासवून ठेवली आहे. वर्षानुवर्षं काटकसर करणाऱ्या इमारतीसाठी कुठल्याच अर्जात रकाना नसतो.

मोजणी मे महिन्यात करून घ्या आणि फेरमोजणी जानेवारीत. मुंबईत चार दिवस गारवा पडतो, तो तुमच्या व्यवस्थापनकौशल्यामुळेच पडला असं समजा. तपासणीला आलेल्या माणसाने हवामानाचा फरक वजा करायचा विषय काढलाच, तर त्याला विचारा, 'चहा घेणार की कॉफी?'

2. बंद करण्याजोगं काहीही बंद करू नका.

अनुदान वस्तूवर मिळतं आणि वस्तूला जीएसटीचं बिल लागतं. मालवलेल्या दिव्याचं बिल कुठला दुकानदार देणार? उदाहरणच घ्या. चौथ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, खिडकीला लागून, एक ट्यूब भर दुपारी जळत असते. तिच्याखाली उभं राहिलं तर सावली खिडकीची पडते, ट्यूबची नाही. नवशिके इथेच चुकतात, बटण शोधायला लागतात. थांबा! ती 36 वॅटची ट्यूब काढून 18 वॅटची एलईडी लावा. आता ती भर दुपारी निम्म्या विजेत जळेल. कागदावर 50 टक्के बचत, चोक धरला तर त्याहून थोडी जास्त. बटण बंद केलं असतं तर बचत 100 टक्के झाली असती, पण मग फोटो कशाचा जोडला असता?

3. ऑडिटर बोलवा आणि त्याचं ऐकू नका.

हा ऊर्जा दक्षता ब्युरोची परीक्षा पास झालेला माणूस असतो. क्लॅम्प मीटर आणि लक्स मीटर घेऊन तो सकाळी वेळेवर येतो, ही त्याची पहिली चूक. टेरेसची चावी वॉचमनकडे असते आणि वॉचमन गावी गेलेला असतो. तरीही तो अहवाल देतोच, आणि त्यात हमखास सांगतो की फिल्टर धुवा आणि एसी 24 वर ठेवा. ब्युरोच्या हिशोबाने एक अंश वाढवला की सुमारे 6 टक्के वीज वाचते. जानेवारी 2020 पासून खोलीचे एसी कारखान्यातूनच 24 वर लावून येतात. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर ते 18 वर चालतात. अकाउंट्सच्या मॅडम मे महिन्यात स्वेटर घालून बसतात आणि त्यांच्या टेबलाखाली एक छोटा हीटर असतो. हीटरला हात लावू नका, तो बेसलाइनमध्ये आहे.

असे फुकटचे सल्ले परिशिष्टात ढकला. अहवालाच्या पहिल्या पानावर नवीन चिलर यायला हवा.

4. मालक आणि भाडेकरू यांची एकत्र सही घ्या.

इथे तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. ऑफिसातला एसी मालकाचा, बिल भाडेकरूचं. मालक म्हणतो, 'बिल मी भरतो का? मग मी कशाला बदलू?' भाडेकरू म्हणतो, 'दोन वर्षांनी लीव्ह अँड लायसन्स संपणार, दुसऱ्याच्या भिंतीवर मी कशाला खर्च करू?' दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर काही होत नाही. जगभर या विषयातले विद्वान याच दगडावर डोकं आपटत आले आहेत, तेव्हा तुम्ही एजीएममध्ये सोडवून दाखवाल या भ्रमात राहू नका. 'पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ' असं मिनिट्समध्ये लिहा आणि वडापाव मागवा.

5. काच लावा.

नवीन एलिव्हेशनला काच हवीच, त्याशिवाय भाडं वाढत नाही. 2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या साध्या मार्गाने गेलं तर भिंतीच्या 40 टक्क्यांच्या वर काच चालत नाही. पण ती संहिता 100 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या जोडभाराच्या, मुख्यतः नव्या इमारतींसाठी. तुमची इमारत जुनी आहे ना, मग कसली चिंता? पश्चिमेला आख्खी काच बसवा. दुपारी तीनला ऊन थेट मॉनिटरवर आलं की पडदे ओढा. पडदे ओढले की अंधार, म्हणून दिवे लावा. दिव्यांची उष्णता, म्हणून एसी वाढवा. बघा, एका भिंतीतून तीन प्रस्ताव निघाले. काचेवर फिल्म चिकटवली की चौथा.

6. तारे मिळवा.

ऑफिस इमारतींना 2009 पासून तारे मिळतात. वर्षभराची युनिटं भागिले चौरस मीटर, असा मूळ हिशोब. भागाकार चौथीत शिकलात, आता कामाला येईल: माणसं कमी करा. रिकाम्या ऑफिसासारखं कार्यक्षम ऑफिस दुसरं नाही. 2020 च्या टाळेबंदीत लोअर परळची ऑफिसं एकदम थोर झाली होती, पण तेव्हा कौतुक करायलाही कोणी हजर नव्हतं.

जाता जाता: मीटररूममध्ये फुगलेले कपॅसिटर दिसले आणि जुना इलेक्ट्रिशियन पॉवर फॅक्टरच्या गोष्टी सांगू लागला, तर ऐकून घ्या. एकेकाळी पॉवर फॅक्टर एकवर (युनिटीवर) नेला की बिलात 7 टक्क्यांपर्यंत सूट मिळायची. एप्रिल 2020 पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं, पॉवर फॅक्टर त्यातच आला, म्हणून ती वेगळी सूट संपली. त्याच्यासमोर हा विषय जपून काढा, सोन्याचे दिवस होते त्याचे.

7. पैसे कुठून येतात, हे विचारू नका.

विचारलंतच म्हणून सांगतो. अशा योजनांचा खर्च आयोगाच्या मंजुरीने वीजदरात धरता येतो. म्हणजे तुमच्या नव्या चिलरला समोरच्या झेरॉक्सवाल्याचाही हातभार लागला आहे. त्याला सांगायला जाऊ नका. तो अर्जाची कॉपी दोन रुपयांऐवजी पाचला देईल.

8. पुरस्कार घ्या.

14 डिसेंबर, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. गेटवर फ्लेक्स लावा, तुमचा फोटो मोठा आणि बल्बचा लहान. त्यावर रात्रभर दोन हॅलोजन सोडा, नाहीतर वाचणार कोण? भाषणं, स्पीकर, कॉफीचं मशीन हे सगळं जनरेटरवर घ्या. डिझेल थोडं जास्त जाईल, पण ते मीटरवर येत नाही.