तीन डब्ल्यूंचा संसार

मसाल्यात तिखट किती असावं यावरून आमच्या सासुरवाडीत कधी वाद झाला नाही. झाला तो डब्ल्यूवरून.

मेव्हण्याचा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा धंदा. वेबसाइटसाठी त्यानं नाव घेतलं आणि त्याला वाटलं, एक पत्ता मिळाला. मिळाले चार! तीन डब्ल्यू लावून एक, न लावता एक. आणि दोन्हींचे पुन्हा साधा एचटीटीपी आणि कुलूपवाला एचटीटीपीएस असे दोन-दोन अवतार. पाळण्यातलं नाव एक, दाखल्यावर दुसरं, घरात बंडू आणि सासरी दाजी, अशा इसमाची बँकेत केवायसीच्या वेळी जी गत होते, तीच सर्च इंजिनापुढे या चौघांची. यातलं खरं कोणतं हे आपण सांगितलं नाही, तर ते स्वतःच ठरवून मोकळं होतं.

म्हणून एक पत्ता मुख्य नेमायचा आणि उरलेल्या तिघांवर ३०१ लावायचा. ३०१ म्हणजे मुक्काम कायमचा हलला. ३०२ म्हणजे तात्पुरता. शिवाय पानाच्या कोडमध्ये कॅनॉनिकलची, म्हणजे खरा पत्ता हाच असं सांगणारी, एक ओळ. २००९ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तीन हाडवैऱ्यांनी एकमतानं ती मान्य केली. आमच्या घरात तेवढंही जमेना.

मी बिनडब्ल्यूवाला. सर्नमध्ये टिम बर्नर्स-लींनी जगातली पहिली वेबसाइट उभारली, तिच्या 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच' या पत्त्यात एकही डब्ल्यू नाही, हा माझा हुकमी एक्का. मेव्हणा म्हणाला, "त्यांचं ऱ्हाऊ द्या दाजी. डब्ल्यू काढलासा तर गिऱ्हाइकाला कळणार कसं, ही वेबसाइट हाय म्हणून?"

भाच्यानं, तो कॉम्प्युटर शिकतोय, मामाची बाजू घेतली. नुसत्या नावावर सीनेमची, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी, नोंद करता येत नाही म्हणे. तिथं नेमसर्व्हरच्या नोंदी आधीच असतात आणि सीनेमला शेजार खपत नाही. डब्ल्यूच्या घरात ती एकटी सुखानं राहते. मुद्दा बिनतोड होता, पण निकाल लागला तो वेगळ्याच कारणानं. पाकिटं छापून आली होती, डब्ल्यूंसकट. पोती भरून.

मधल्या काळात मात्र गंमत झाली. भाच्यानं होस्टिंगच्या पॅनेलवर सगळ्यांना डब्ल्यूकडे धाडलं. त्याआधीच मेव्हण्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसऱ्या एका पॅनेलवर डब्ल्यूवाल्यांना बिनडब्ल्यूकडे धाडून ठेवलं होतं. बिचारा क्रोम वीस हेलपाटे घालतो आणि हात टेकतो. पडद्यावर उमटलं, 'टू मेनी रिडायरेक्ट्स'. मेव्हण्यानं त्यातलं 'टू मेनी' तेवढं वाचलं आणि आतल्या खोलीत ओरडून सांगितलं, "गर्दी झालीया!"

भाच्यानं दुरुस्ती केली. सगळ्यांच्या फोनवर साइट उघडली, मालकाच्या सोडून. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. 'कायमचं' म्हटलेलं त्याला खरंच वाटतं. कॅशे साफ करेपर्यंत मेव्हणा स्वतःच्या दुकानाबाहेर उभा.

आता सगळं सुरळीत आहे. फक्त 'लसूण'चं इंग्रजी स्पेलिंग लोक यू घालूनही करतात आणि दोन ओ घालूनही, हे त्याला परवा कुणीतरी सांगितलं. दोन ओंचं नावही त्यानं घेऊन टाकलंय. डब्ल्यूचं काय करायचं, ते विचारायला रविवारी येतोय.