उडत्या टॅक्सीचा एक थांबा झरीला द्यावा

प्रति,
मा. नियोजनकार महोदय,
भविष्यकालीन वाहतूक (मुक्काम: वातानुकूलित सभागृह)

विषय: झरी-जामणीला भविष्यकाळात सामावून घेण्याबाबत.

महोदय,

नागपुरात 2019 साली मेट्रो धावली. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी शेवटपर्यंत खुला झाला. आता आपल्या सादरीकरणांत उडत्या टॅक्स्या घिरट्या घालतात असं ऐकतो. अभिनंदन! यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे आमचाही तालुका आहे. झरीला नगरपंचायत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही शहरच. 1966 च्या नगररचना कायद्यानं शहरांनी पुढचा विचार करायचा असतो, तो आम्ही आजच करून टाकतो.

आमच्याकडे वाहतूक नाही, असा गैरसमज नसावा. मार्की-मांगलीचा कोळसा निघतो, मुकुटबनचं सिमेंट निघतं. माजरीहून आदिलाबादकडे जाणारे रूळही मुकुटबनवरूनच गेलेत. 'भारमान कमी आहे, आजची फेरी रद्द' असं कोळशाला कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. हे ऐकून घ्यायला माणूस असावं लागतं.

एसटीची आगारं वणीला आणि पांढरकवड्याला. सवलतींत मात्र आम्ही कुठंच मागे नाही. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. कोलामांच्या ज्या वस्तीवर, म्हणजे पोडावर, बसच जात नाही, तिथं तर उरलेलं अर्धं तिकीटही वाचतं. एवढी बचत मुंबईच्या लोकललाही जमलेली नाही.

तुम्ही परदेशी जाऊन 'मागणीनुसार धावणारी सामायिक वाहनं' पाहून आलात म्हणे. आमची काळी-पिवळी हेच करते. भरली की निघते, नाही भरली तर उभी राहते. दहाव्या माणसालाही ती कधी नाही म्हणत नाही. फक्त रात्री पोटात कळा सुरू झालेल्या बाईला एकटीनं गाडी भरता येत नाही, एवढीच त्यात उणीव.

आता आपल्या शास्त्राबद्दल. बसचा नेम नाही म्हणून माणसं काळी-पिवळीत बसतात. ती तिकडं गेली म्हणून बसचं भारमान घटतं. भारमान घटलं म्हणून फेरी बंद होते. मग आपले सर्वेक्षक येतात, रिकामा रस्ता मोजतात आणि लिहितात, 'या मार्गावर प्रवाशांची मागणी नाही.' गाडी नाही म्हणून दहावीनंतर घरी बसलेल्या कोलाम पोरीला कोणत्या रकान्यात धरता? तिचा प्रवास झालाच नाही, मग तो मोजला कसा जाणार? विहिरीत दोर न सोडताच पाणी नाही म्हणायची ही रीत आहे.

2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसं हलवण्याला महत्त्व द्या, असं सांगितलंय. आम्ही माणसंच आहोत. आधार कार्ड जोडू का?

उडती टॅक्सी तुम्हालाच लखलाभ. आमची मागणी जमिनीवरची आहे. सकाळी कॉलेजच्या वेळेत पोचवणारी एक फेरी, कचेऱ्या सुटल्यावर परत आणणारी दुसरी, आणि बाजाराच्या दिवशी एक जादा. वेळापत्रक थांब्यावर ठळक लिहा. गाडी भरो न भरो, वर्षभर या फेऱ्या चुकवू नका. नेमानं गाडी येते असा विश्वास बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर भारमान खुशाल मोजा. तोवर 'मागणी नाही' हे वाक्य आराखड्यातून काढून टाका.

कळावे,
आपले,
मोजणीतून सुटलेले प्रवासी
झरी-जामणी, जि. यवतमाळ

ता. क. पाहणीला जरूर यावं, पण सरकारी गाडी घरी ठेवून. आणि निघण्याआधी परतीच्या बसची चौकशी करावी.