सर्व्हर २००८ शिकवणाऱ्या सरांना खुले पत्र

मोडनिंब बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासचे मा. संचालक यांस,



'एमसीएसई सर्व्हर २००८, नोकरीची १०० टक्के हमी' हा आपला फ्लेक्स माझ्या भाच्याने वाचला. दाजींनी डाळिंबाच्या पट्टीतले पैसे आपल्या हवाली केले आणि आपण पोराला संगणकशास्त्राच्या इतिहासात पारंगत केलंत. अभिनंदन!

सर, आपलं संशोधन थोर आहे. विंडोज सर्व्हर २००८ साठी मायक्रोसॉफ्टने एमसीएसई ही प्रमाणपत्र परीक्षा कधी ठेवलीच नव्हती. तेव्हा एमसीआयटीपी होती. एमसीएसई हे नाव २०१२ मध्ये परत आलं आणि ३१ जानेवारी २०२१ ला तेही निकालात निघालं. जी परीक्षा झालीच नाही, तिची तयारी आपण करून घेता. नापास व्हायची भीतीच नाही!

२००८ चे नियमित सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. ऐन संक्रांतीच्या तोंडावर त्या सर्व्हरवर संक्रांत आली. आपल्या क्लासवर मात्र अजून तिळगुळच वाटणं चालू आहे. पाठोपाठ १० ऑक्टोबर २०२३ ला सर्व्हर २०१२ चाही नंबर लागला.

एवढं २००८ वर प्रेम का, याचा उलगडा आपल्या लॅबमध्ये झाला. ३२ बिटच्या मशिनवर चालणारी मायक्रोसॉफ्टची ती शेवटची सर्व्हर आवृत्ती. म्हणजे अभ्यासक्रम ठरला तो बाजार बघून नव्हे, आपले जुने डबे बघून!

'बेसिक सगळीकडे तेच असतं,' असं आपण पोरांना सांगता. खरं आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ग्रुप पॉलिसी विंडोज २००० पासून आहेत, डीएनएस आणि डीएचसीपी त्याहून जुने. पण बेसिक तेच असेल तर ते नव्या आवृत्तीवर शिकवायला कुणी हात धरलेत? सर्व्हर २००८ मध्ये पॉवरशेल, म्हणजे कमांड लिहून कामं करायचं साधन, ऐच्छिक होतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीसाठीचं त्याचं मॉड्यूल आलं ते २००८ आर२ मध्ये. पुण्यातल्या मुलाखतीत भाच्याला विचारलं, 'दोनशे युजर एका कमांडने कसे बनवशील?' तो म्हणाला, 'राइट क्लिक करून.' मुलाखत तिथेच संपली.

आपल्या मोडनिंब स्टेशनातून एकेकाळी बार्शी लाइटची गाडी अडीच फुटी रुळांवरून पंढरपूरला जायची. आता तिथे ब्रॉडगेज आहे. त्या जुन्या गाडीची तिकिटं विकायला आज कुणी खिडकी उघडली, तर गाव त्याला काय म्हणेल? आपण तेच करताय, वर सीट मिळण्याची हमीही देताय.

सर, पहिली आवृत्ती म्हणून सर्व्हर २०२२ शिकवा. तिचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०३१ पर्यंत मिळणार आहेत. ती हाताखालून गेली की २०१६ आणि २०१९ वर काम करताना पोरगं अडत नाही. २०२५ ही आवृत्ती आली आहे, पण कंपन्या चालता सर्व्हर बदलायची घाई करत नाहीत. ती मागाहून शिकता येते. खर्चाचं कारण तर सांगूच नका. मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांची चाचणी प्रत फुकट देते, व्हर्च्युअलबॉक्सही फुकट. १६ जीबी रॅमच्या एका लॅपटॉपवर डोमेन कंट्रोलर आणि क्लायंट दोन्ही उभे राहतात. सोबत थोडं लिनक्स दाखवलंत तर पोरं दुवा देतील.

आणि माढा तालुक्यातल्या पालकांनो, फी भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा: कोणती आवृत्ती शिकवणार? तिचे अपडेट कधीपर्यंत मिळणार? जी परीक्षा सांगताय ती आज चालू आहे का? तिन्हींची उत्तरं तारखेसह मिळाली तरच पैसे मोजा. नाहीतर ते डाळिंबाच्या औषधाला ठेवा, निदान बाग तरी वाचेल.

कळावे,
आपल्या एका 'पदवीधरा'चा मामा